हिरव्या झाकणाचं गुपित

“मामा, अजून एकदा!” ढब्बू ओरडला.

माळीमामांनी दोरी ओढली. गवत कापायचं मशीन खोकलं, थरथरलं आणि पुन्हा गप्प!

उद्या मुलांचे सामने होते. फिरकी, तिचा चुलतभाऊ ढब्बू आणि धाकटा भाऊ शेपूट सुट्टी लागल्यापासून याच दिवसाची वाट बघत होते. आणि मैदानात गवत घोट्याच्या वर! पण फिरकीला काळजी लागली होती ती वेगळ्याच कारणानं. सकाळी क्रीडामंडळाचे सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले होते, “मामांनीच बिघडवलंय हे मशीन. वय झालं त्यांचं! पाचपर्यंत गवत कापलं नाही, तर उद्यापासून दुसरा माणूस!”

मामांनी बिघडवलं? वीस वर्षं ज्या मशीनला मामांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं, ते? सुरू करायची दोरीसुद्धा ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत! आत्ताही त्यांनी जुना पेपर अंथरून एकेक नट काढलेल्या क्रमानं मांडला होता. प्लग पुसला. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं. घाई नाही, चिडचिड नाही. असा कारागीर फिरकीनं दुसरा पाहिलाच नव्हता.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पोरांनो,” मामा म्हणाले. “म्हणजे दुखणं नेमकं सापडतं.”

सगळं जागच्या जागी बसवून त्यांनी दोरी ओढली. भर्रर्र! मशीन चालू! ढब्बूनं तर उडीच मारली. पण दोन फेऱ्या झाल्या आणि पुन्हा बंद.

“ही तिसरी वेळ!” शेपूट रडवेला झाला. “प्लग पुसला की चालतं, दोन फेऱ्या झाल्या की बसतं.”

फिरकी विचारात पडली. “मामा, रागावू नका, पण तुम्ही दर वेळी दोन गोष्टी करताय! प्लग पुसताय आणि झाकणही उघडताय.”

“अगं, पेट्रोल नुसतं बघतो मी. बघितल्यानं काय बदलणार?”

“मग या वेळी प्लगला हातच लावायचा नाही. फक्त झाकण उघडा!”

मामांनी झाकण फिरवलं. फुस्स! ते परत लावून दोरी ओढली. भर्रर्र!

“अगं पोरी!” मामांनी कपाळावर हात मारला. “टाकी गुदमरतेय! पेट्रोल खाली उतरायला वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीकसं भोक असतं.”

चौघांची डोकी झाकणावर वाकली. भोक कुठंच नव्हतं. होता तो चकचकीत हिरव्या रंगाचा जाड थर!

“मी दोन दिवस रजेवर होतो, तेव्हा कुणीतरी रंगवलंय,” मामा पुटपुटले.

“कुणी ते आत्ता कळेल,” फिरकी हळूच म्हणाली. सेक्रेटरी मंडळाच्या अध्यक्षबाईंना घेऊन तिकडेच येत होते. तेवढ्यात मशीन पुन्हा बंद पडलं.

“बघा बाई, मामांचा प्रताप!” सेक्रेटरी म्हणाले.

“काका, मशीन दिसतंय मात्र झकास!” फिरकी साळसूदपणे म्हणाली. “रंग कुणी दिला हो?”

सेक्रेटरींची छाती फुगली. “मी! स्वतःच्या हातानं!”

“झाकणालासुद्धा?”

“झाकणाला तर दोन हात दिले! एक फालतू भोक होतं, तेही बुजवून टाकलं!”

“ऐकलंत, बाई?” ढब्बू ओरडला. फिरकीनं सगळा प्रकार अध्यक्षबाईंना सांगितला. शेपटानं शर्टाच्या बिल्ल्याची पिन काढून दिली. मामांनी अलगद रंग टोचला, भोक मोकळं केलं आणि दोरीची मूठ फिरकीपुढे धरली.

“मी?” फिरकीला खरंच वाटेना.

“तूच. ओढ!”

तिनं सगळा जीव एकवटून दोरी ओढली. भर्रर्र! मामा मशीनमागे चालू लागले आणि मुलं मोठ्यानं मोजू लागली. एक... दोन... तीन! चौथी फेरी सुरू झाली तेव्हा तिघांनी एकच गलका केला. पाचला पाच मिनिटं कमी असताना शेवटचं गवत कापून झालं. कापलेलं गवत टोपल्यात भरून नेत होते खुद्द सेक्रेटरी! हुकूम अध्यक्षबाईंचा होता.

“मामा, हे मैदान तुमच्याच हातात राहील,” बाई म्हणाल्या. “आणि शाबास गं, पोरी!”

मामांनी डोळे पुसले. “वीस वर्षं मी सगळ्यांना ‘एका वेळी एकच गोष्ट’ हा नियम सांगतोय, बाई. हिनं तो आज माझ्याकडूनच पाळून घेतला!”