ताईचा श्वास

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच परत जा. मला कोणाची समजूत काढायची नाही, आधीच डोकं फिरलंय. घडलं ते सांगतो.

मंगळवार, दुपारचे पावणेतीन. आमचा स्टुडिओ, दुसरा मजला. मी जेवून आलो होतो, पूर्ण शुद्धीत होतो.

मी रेकॉर्डिस्ट. पंचवीस वर्षांपूर्वी मी एक गाणं रेकॉर्ड केलं. दुकानांत वाजलं, बसमध्ये वाजलं, लोकांनी वाजवून वाजवून कॅसेटी झिजवल्या. गायिका रातोरात मोठी झाली.

पण ते गाणं आधी माझ्या ताईने गायलं होतं.

आमच्या धंद्यात तशी पद्धतच असते. मुख्य गायिकेला चाल कळावी म्हणून आधी दुसरं कोणीतरी गाऊन ठेवतं. मग त्याच टेपवर मुख्य गायिकेचा आवाज भरायचा. आधीचा पुसला जातो.

ताईने जीव ओतून गायलं. निघताना म्हणाली, "नाव येईल ना रे माझं? बारीक अक्षरात का होईना?"

"येईल गं."

कसलं काय! माझी नोकरी नवी होती. मी मूग गिळून गप्प बसलो.

आणि एक चूकही केली. त्या गायिकेचा आवाज भरताना बटण जरा उशिरा दाबलं. त्यामुळे पहिल्या ओळीच्या आधीचा श्वास ताईचाच राहिला. जगाने तो ऐकला. माहीत फक्त मला.

ताई गेल्या वर्षी गेली.

आता कंपनीला तेच गाणं नव्याने काढायचं होतं. म्हटलं, निदान आता तरी तिचं नाव घाला. सगळं खरं सांगितलं. साहेब हसले.

"काका, श्वासाला कोणी नाव देतं का? उलट तो काढूनच टाका. आवाज स्वच्छ पाहिजे."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मंगळवारी कापायला बसलोच. शेपूट घालायची माझी जुनी खोड!

श्वास कापला. वाजवून पाहिलं...

श्वास होता.

पुन्हा कापला. स्क्रीनवर तिथे सपाट रेघ. पुन्हा वाजवलं...

होताच. आणि आता लांब झाला होता.

"अरे, काय कटकट आहे!" मी ओरडलो आणि स्पीकरच बंद केले.

तरी तो येत होता... काचेपलीकडून. गाण्याच्या खोलीतून.

तिथे कोणी नव्हतं. नुसता माइक.

श्वास आत जात होता... आणखी आत... सुटतच नव्हता.

"ताई, पुरे ना गं," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना.

एकदम शांत झालं.

गाणं पुन्हा लावलं. स्वच्छ. श्वास कुठेच नाही. मी फाईल पाठवली आणि घर गाठलं.

काल त्या मोठ्या गायिकेचा फोन आला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, त्या गाण्याचं काय केलंत हो तुम्ही?"

"का? काय झालं?"

"मंगळवारपासून पहिल्या ओळीपाशी आले की मला श्वासच घेता येत नाही. बाकी सगळं गाते. या एकाच गाण्याला छातीत हवा जात नाही. आज तालमीत चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणतात, काही नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारू? तेव्हा मला चाल ऐकवली होती, तो आवाज कोणाचा होता?"

ताईचं नाव ओठांवर आलं होतं, देवाशप्पथ!

"आठवत नाही," मी म्हणालो.

का म्हणालो? चीड येते स्वतःची. नाव सांगितलं असतं, तर इतकी वर्षं गप्प का बसलात, हा प्रश्न आलाच असता. एवढीच भीती.

ती "बरं" म्हणाली. फोन ठेवायच्या आधी तिला पुन्हा धाप लागली... आणि त्या धापेच्या मागे, अगदी जवळ, कोणीतरी श्वास आत ओढला आणि रोखून धरला.

उद्या तिचा कार्यक्रम आहे. सुरुवात त्याच गाण्याने.

सकाळपासून तिचा नंबर काढून बसलोय. अजून लावलेला नाही.