खालचा आकडा दोनदा

"शंभर? अहो, चुकलं!"

मी चमकून वर पाहिलं. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मोठ्यानं पाठांतर करत होते, आणि शेजारी पेशंटचं प्रेशर दाखवणारा मॉनिटर उघडून बसलेला दुरुस्तीवाला चक्क मला शिकवायला निघाला होता! माझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. अतिदक्षतेच्या प्रात्यक्षिकात मी दोनदा आपटले होते. आठ दिवसांवर तिसरी, शेवटची संधी होती; ती हुकली की गाशा गुंडाळून घरी.

"वरचं प्रेशर एकशेवीस, खालचं ऐंशी. सरासरी शंभरच ना?" मी फणकारले.

"हृदय जोर लावतं क्षणभर, आणि विसावतं त्याच्या दुप्पट वेळ. म्हणून खालचा आकडा दोनदा धरायचा, वरचा एकदा, आणि तिनानं भागायचं. त्र्याण्णव."

"तुम्हाला हो काय माहीत?"

"मशीन बरोबर सांगतंय का, ते मलाच तपासावं लागतं." तो हसला… आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला.

मग रोज दुपारी तो बाही सरसावून बसायचा, मी दंडाला प्रेशरचा पट्टा बांधायचे.

"आज जास्त का आलं?"

"तुम्ही इतक्या जवळ बसल्यावर… दुसरं काय होणार?"

मी लाजून चूर. तरी भागाकार मात्र बरोबर केला!

परीक्षेला पेशंटच्या जागी सरावाचा पुतळा होता. मेट्रनबाईंनी मॉनिटरवरच्या सरासरीवर चिकटपट्टी लावली. "चौऱ्याऐंशी, अठ्ठेचाळीस. सरासरी निदान पासष्ट हवी. बोल."

सहासष्ट! जिभेवर आलंच होतं… म्हणजे सगळं ठीक? छे! अठ्ठेचाळीस दोनदा, शहाण्णव. त्यात चौऱ्याऐंशी…

"साठ! कमी आहे, मॅडम. मूत्रपिंडांना रक्त पुरणार नाही. डॉक्टरांना आत्ताच बोलावते."

मेट्रनबाई चक्क हसल्या. "पास."

मी धावतच बाहेर आले. तो दाराशीच उभा होता, चेहरा माझ्याहून पांढराफटक.

"पास!" मी ओरडले. "आणि… मला तुम्ही आवडता!" सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. बघू दे!

"मीच तुम्हाला विचारणार होतो," तो पुटपुटला, "निकालानंतर."

"आणि नापास झाले असते तर?"

"तरी आजच विचारलं असतं," त्यानं माझा हात हातात घेतला, "एक मिनिटही न थांबता."