फांदीला हात लावायचा नाही

लिफ्टचं दार उघडलं, तर आत एक झाड उभं होतं.

झाडामागे माणूसही होता, पण तो मला नंतर दिसला. आधी दिसलं ते उथळ कुंडीतलं, वीतभर उंचीचं, जाडजूड खोडाचं झाड आणि त्याच्या बुंध्यातून एका बाजूला सुटलेली एक लांबच लांब फांदी. बाकी झाड कसं आवरून-सावरून बसलेलं, आणि ही फांदी म्हणजे घरातला वाया गेलेला भाऊ! मी आत शिरले, दार लागलं, आणि फांदी थेट माझ्या केसांत घुसली.

"हलू नका," पानांमागून आवाज आला.

"मी कुठं हलतेय? तुमचं झाड हलतंय!"

"माझे दोन्ही हात अडकलेत हो... तुम्हीच सोडवता का? पण हळू... पान तुटेल."

"आणि माझे केस तुटले तर?"

"केस परत येतात." मग जरा विचार करून तो म्हणाला, "पानंही येतात म्हणा. तरी हळूच."

मी केस सोडवले आणि वर पाहिलं. कपाळावर मातीचा पट्टा, डोळे हसरे, तोंड मात्र पुरतं घाबरलेलं. माझ्या पोटात काहीतरी खालीवर झालं. लिफ्ट सुटली म्हणून असेल, असं मी स्वतःला समजावलं... पण लिफ्ट तर कधीच तळाशी येऊन थांबली होती.

चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसने ते बोन्साय परत पाठवलं होतं. "फांदी कापून द्या म्हणाले. मी नाही म्हणालो. मग तेही नाही म्हणाले."

"कापायची की! किती विचित्र दिसतेय."

"दिसू दे. ही वाढतेय म्हणून खाली खोड भरतंय. काम झालं की कापायचीच आहे. पण त्याआधी नाही."

मला एकदम त्या फांदीचीच दया आली. सगळ्यांची बोलणी खायची, दुसऱ्याला पोसायचं आणि शेवटी कात्रीखाली जायचं! "मला द्या हे झाड," मी म्हणून गेले.

"आधी कधी सांभाळलंय?"

"एक मनीप्लांट होता. मेला."

"अहो, मनीप्लांट मरत नाही!"

"माझ्याकडे मेला."

तो खळखळून हसला. "बरं, करता काय तुम्ही?"

"केस कापते. इथेच, दुसऱ्या मजल्यावर. मावशीचं पार्लर आहे."

त्याने झाड छातीशी आणखी घट्ट धरलं. शेवटी झाड मिळालं, पण अटीवर. दर बुधवारी दुपारी ते त्याच्या नर्सरीत दाखवायला न्यायचं. आणि त्या फांदीला हात लावायचा नाही. "वेळ आली की मी स्वतः कापीन. तेवढं झालं की झाड तुमचं, तुम्ही झाडाच्या. मग माझी गरज नाही."

वर गेल्यावर मावशीने झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "केस कापायचे सोडून हे काय उचलून आणलंस? आणि गाल का लाल झालेत तुझे?"

"जिना चढून आले."

"लिफ्ट बंद आहे का?" मावशीने विचारलं. मी झाडाला खिडकीत जागा करायला वळले.

पहिल्याच आठवड्यात मी गोंधळ घातला. पार्लरमधल्या फवाऱ्याच्या बाटलीने मी झाडाला सकाळ-संध्याकाळ ओलं करत होते, जसे केस ओले करतात तसं. वरची माती कशी काळीभोर, टवटवीत! बुधवारी त्याने मातीत बांबूची काडी खुपसली, बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली. टोकापर्यंत कोरडी.

"तोंड धुतलंत त्याचं. पाणी पाजलंच नाहीत."

मी इतकी शरमले की कुंडीत तोंड खुपसावंसं वाटलं. त्याने एक टब भरला आणि कुंडी अलगद त्यात बुडवली. मातीतून बुडबुडे यायला लागले, बारीक, भराभर. आम्ही दोघं टबावर वाकून बघत होतो. त्याचा कोपर माझ्या कोपराला लागला... कोणीच बाजूला घेतला नाही.

"बुडबुडे थांबले की तहान भागली," तो हळू आवाजात म्हणाला.

थांबूच नयेत, असं मला वाटलं.

मग काय, बुधवार म्हणजे माझा जीव की प्राण झाला! मंगळवारपासूनच हातातली कात्री नाचायला लागायची. मी शिकलेही खूप. काडी ओली आली तर पाणी द्यायचं नाही. कुंडी अधूनमधून फिरवायची, म्हणजे सगळ्या अंगाला ऊन मिळतं. पान पिवळं पडलं म्हणून लगेच छाती बडवायची नाही. आणि दर बुधवारी शेवटी तो अंगठा आणि बोटाच्या चिमटीत खोड धरायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "अजून जरा."

ते दोन शब्द ऐकले की मी हवेत! कारण फांदी कापली की बुधवार संपले, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या वाया गेलेल्या फांदीवर माझं सगळं भवितव्य लोंबकळत होतं. मी रोज तिला मनातल्या मनात विनवायची, बाई गं, वाढ, पण सावकाश वाढ.

"मांजर डोळे मिटून दूध पितं," मावशी म्हणायची. "पितं पितं, आणि त्याला वाटतं मावशीला दिसत नाही."

आणि मग तो मंगळवार आला.

पार्लर भरलेलं होतं. झाड खिडकीत, खुर्चीच्या अगदी मागे. खुर्चीतल्या बाई म्हणाल्या, "कानाजवळचं थोडं घ्या." आम्ही केस कापतो ते आरशात बघूनच. मी मावशीशी बोलत होते, उद्या काय घालू याबद्दल. आरशात बाईंच्या कानाशी काहीतरी लांब, सुटलेलं दिसलं. हाताला सवयच ती... हात मागे गेला आणि—

कच्.

बाईंचे केस होते तिथेच होते. खाली जमिनीवर फांदी पडली होती. बुंध्यातून पांढरा चीक टपटपत होता.

"अगं बाई!" मावशी म्हणाली. "हात आहेत की काय आहेत तुझे?"

माझी पाचावर धारण बसली. शब्द मोडला होता आणि बुधवारही गेले होते. मी वेड्यासारखं केसांच्या काळ्या पिना आणि रबर घेऊन फांदी परत जागेवर बांधली. लांबून बघितलं तर कळत नव्हतं. अगदी लांबून.

बुधवारी मी नर्सरीत गेले ती चोराच्या मनात चांदणं घेऊनच. तो नेहमीसारखा हसत आला, झाड फिरवलं... आणि थांबला. फांदीने मान टाकली होती.

"ही पिन... नवीन पद्धत आहे का काही?"

"मी कापली," मी म्हणाले, आणि मग बांधच फुटला. "मुद्दाम नाही हो! आरशात केसच वाटले मला. मग बांधून ठेवली, कारण तुम्हाला कळलं तर संपलंच सगळं. आणि मला फांदीचं रडू येत नाहीये, मला बुधवारचं रडू येतंय! आता मी इथे कशाला येऊ?"

त्याने एकेक पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली. फांदी बाजूला ठेवली, कापलेल्या जागी मलम लावलं.

"कापलीय मात्र झकास," तो म्हणाला. "मलाही जमली नसती अशी." मग मान वर न करताच, "खोड कधीच भरलंय. तुम्ही तिसऱ्यांदा आलात ना, तेव्हाच ही कापायला हवी होती."

"म्हणजे? दर बुधवारचं ते 'अजून जरा'..."

"खोडाच्या बाबतीत थाप होती." त्याचे कान लालबुंद झाले. "माझ्या बाबतीत... खरं होतं. तू यावंस म्हणून. तू आवडतेस मला. लिफ्टमध्ये माझ्यावर डाफरलीस तेव्हापासून."

"लबाड!" मी ओरडले. शेजारच्या रांगेतलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. मी रडत होते की हसत होते, देव जाणे. "मी इथे जीव मुठीत धरून यायची आणि तू..."

"रागावलीस?"

"खूप! आणि मलाही तू आवडतोस. खूपच!"

तेवढ्यात मावशीचा फोन आला. गिऱ्हाईक खोळंबलंय, कुठे आहेस? मी धावत सुटले. रस्ता कुठला, सिग्नल कुठला, काही कळलं नाही. पार्लरमध्ये शिरले, ॲप्रन घातला, कात्री उचलली, तेव्हा मावशीने विचारलं, "झाड कुठंय?"

झाड! झाड मी तिथेच विसरले होते!

मी कात्री खाली ठेवतेय तोवर दार ढकलून तो आत आला. दोन्ही हातांत कुंडी, घामाघूम, धापा टाकत. लिफ्टची वाटही पाहिली नव्हती वाटतं. ड्रायर बंद झाले. डोकी वळली. मावशीने चष्मा नाकावर खाली घेतला आणि त्याला पायांपासून केसांपर्यंत न्याहाळलं.

"हे काय?"

"झाड. तुमच्या भाचीचं," तो कसाबसा म्हणाला.

"ते दिसतंय मला. आणि तू कोणाचा रे?"

त्याने तोंड उघडलं, बहुतेक वडिलांचं नाव सांगायला. पण मला धीर कुठला!

"माझा," मी म्हणाले.