‘…लवून द्यावे’

“बाई, बाटली सरत आली की पोर लय झोपतंय.”

फुलाबाईनं हे सांगितलं तेव्हा मी आरशापुढे वेणी घालत होते. मी हसले. “अगं, बाटली भरलेली असो नाहीतर सरलेली, औषध तेच ना?” बी.ए.ला तर्कशास्त्र होतं माझं. फुलाबाई सुरगाण्याकडची, बाळाला सांभाळणारी, अक्षरओळख नसलेली. ती दुपटी धुवायला निघून गेली.

पुढच्या बुधवारी सकाळी माझा आठ महिन्यांचा श्रीपाद उठेना. चिमटा काढला तरी रडेना. डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिली आणि एकच शब्द म्हणाले, “अफू.”

दोन दिवस त्याला झोपू न देता खांद्यावर नाचवला, तेव्हा तो वाचला. तोवर पोलिसांनी परसात ठेवलेल्या फुलाबाईच्या पत्र्याच्या पेटीतून अफूची गोळी काढली होती. आमच्या घरात येणारं औषध एकच, ‘बालविसावा’. ते तपासलेलं आणि शुद्ध, असा कारखान्याचा दाखला होता. फुलाबाईला कोठडीत घातलं. सोमवारी तिला कोर्टापुढे उभी करणार होते.

“तिनंच दिली असणार,” हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान यज्ञेश्वर, त्याच कारखान्यात रसायनतज्ज्ञ.

“मग मला आधी सांगायला कशाला आली असती?”

शुक्रवारी मी वेणीमाधव गायधनींना बोलावलं. घराणं पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांचं, पण त्यांनी यात्रेकरूंच्या वंशावळीच्या वह्या सोडून खासगी तपासाचा धंदा धरलेला.

“वहिनी,” ते म्हणाले, “सात पिढ्यांच्या सह्या वाचत वाढलोय. माणूस खोटं बोलला तर मी फसतो. कागद बोलला तर नाही. गोळी कशात गुंडाळली होती?”

ते आम्ही चौकीवर पाहिलं. बोटभर फाटका कागद, लाल छापील अक्षरं: ‘…लवून द्यावे’.

“सरळ आहे,” फौजदार म्हणाले. “कालवून द्यावे. दुधात कालवून. गोळी विकणाऱ्यानं छापलंय.”

वेणीमाधवांनी कागद उलटा केला, पाठीवरून बोट फिरवलं. “कोरा आहे. कधी कशाला चिकटवलेला नाही.” आणि तो फौजदारांना परत दिला. मला वाटलं, आता संपलं सगळं.

शनिवारी श्रीपादला कडेवर घेऊन मी त्यांच्याबरोबर ‘गोदातीर औषधी कारखाना लिमिटेड’मध्ये गेले. सोमवारी मुंबईच्या शेअर बाजाराच्या यादीत कंपनीचं नाव लागणार होतं, म्हणजे तिचे शेअर तिथं विकता येणार होते. जो तो घाईत. मोठ्या पिंपातून बाटल्या भरल्या जात होत्या आणि पिंपाशी बुधा नावाचा गडी लाकडी वल्ह्यानं सारखा ढवळत होता. जरा थांबला की मुकादम ओरडे, “ए बुधा, झोपला का रे? औषध घेतलंस काय?”

माझ्या यजमानांची चौकशी वेणीमाधवांनी माझ्यासमोरच केली. मला संकोच वाटला.

“बालविसाव्यात काय काय असतं?”

“सुंठ, बडीशेप, वावडिंग यांचा काढा. शिवाय पोट बांधायला खडूचं चूर्ण. ते साहेबांच्या खोलीतून तयार येतं. त्यांचं गुपित आहे ते.”

“आणि अफू?”

“छे! मुंबईच्या शेअर बाजाराच्या कमिटीला तसं लिहून दिलंय. मी स्वतः नमुना तपासला. मागमूस नाही.”

“बाटली तुम्हीच फोडलीत?”

“नाही. साहेबांनी वाटीभर ओतून दिलं. तेवढं पुरतं.”

“याआधी कुणाची तक्रार?”

हे अडखळले. “नांदगावच्या दुकानदाराचं पत्र होतं. बाटली संपता संपता एक मूल गेलं म्हणून. साहेब म्हणाले, दुसऱ्या कंपनीचा कावा आहे.”

मी श्रीपादच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. त्यानं पाय आखडला. बरं वाटलं.

बाटल्यांना लेबलं लावायला सकीना होती. पुढ्यात खळीचं भांडं, बोटं पांढरी झालेली.

“वाचता नाही येत हो वहिनी,” ती म्हणाली. “पण डोळे आहेत. पूर्वीच्या लेबलावर खाली एक लाल ओळ होती. आता साहेबांचा फोटो आलाय, लाल ओळ गेली. जुनी लेबलं तर सगळी साहेब उचलून घेऊन गेले. म्हटलं, चुलीला तरी द्या. नाही म्हणाले.”

“साहेबांना स्वतःचा फोटो भारीच आवडलेला दिसतो,” वेणीमाधव म्हणाले.

“अल्ला, आरशासारखा बघतात!”

साहेब म्हणजे व्यवस्थापक नीळकंठराव सरंजामे. त्यांनी श्रीपादच्या गालाला हात लावला. “गुरुवारी मोसंबी घेऊन आलो होतो, तेव्हा पाहवत नव्हतं हो. परसात हात धुवायला गेलो तर डोळ्यांत पाणी! त्या बाईला सोडू नका. सोमवारपर्यंत कंपनीविरुद्ध एक तक्रार बाहेर गेली, तर कमिटी नाव घेणार नाही. घेतलं तरी व्यवहार थांबवतील. शेकडो लोकांचे शेअर आहेत.”

“तुमचे सर्वांत जास्त,” वेणीमाधव म्हणाले.

“कष्टानं उभी केलीय मी ही कंपनी.”

रविवारी सकाळी वेणीमाधवांनी मेन रोडवरच्या दुकानातून बालविसाव्याची एक बाटली घेतली. महिनाभर फळीवर उभी होती ती. त्यांनी ती नैवेद्याचं ताट धरावं तशी दोन्ही हातांत धरली.

“टांगा करू या,” मी म्हणाले. श्रीपाद कडेवर जड झाला होता.

“टांगा नको. चालत.”

कारखान्याच्या कचेरीत फौजदार, सरंजामे आणि हे वाट पाहत होते. वेणीमाधवांनी अलगद बूच काढलं. अगदी सावकाश बाटली कलती करून वरचं औषध पेल्यात ओतलं. तळाशी चार चमचे राहिले. मग त्यांनी पेला उचलून गटागट पिऊन टाकला. मी किंचाळले.

“घाबरू नका, वहिनी. यात सुंठ आहे, दुसरं काही नाही.” त्यांनी बाटली सरंजाम्यांपुढे केली. “हे तळाचं तुम्ही घ्या, साहेब. औषध तेच ना?”

माझंच वाक्य. मी खाली पाहिलं.

सरंजाम्यांनी बाटलीला हात लावला नाही.

“बुधाला वल्हं का मारावं लागतं?” वेणीमाधव म्हणाले. “कारण खडू तळाशी बसतो. त्या खडूत अफूची पूड आहे, तीही बसते. सगळीकडे सारखी मिसळली तर चमच्यात कणभर येते आणि मूल शांत झोपतं. म्हणून तर खप आहे. पण बाटली उभी राहिली की वरचे चमचे कोरे आणि शेवटचे विषारी. नांदगावचं मूल बाटली संपता संपता गेलं. फुलाबाईनं तेच पाहिलं आणि सांगितलंही.”

“आणि नमुना?” फौजदारांनी विचारलं.

“साहेबांनी ओतून दिलेला. म्हणजे वरचा. आता तो कागद बघा. सकीना म्हणते, जुन्या लेबलावर लाल ओळ होती. आपल्या कागदाचीही अक्षरं लाल. बाटलीवर लागलेलं लेबल असतं तर पाठीवर खळ असती. ही कोरी आहे. म्हणजे ते लेबल बाटलीवरून बाजारात गेलेलंच नाही. कोरी जुनी लेबलं कुणाकडे आहेत, तेही सकीनानं सांगितलं. शब्द ‘कालवून’ नाही, फौजदारसाहेब. ‘हलवून’. बाटली हलवून द्यावे.”

यांनी कपाळ धरलं. “पिंप आम्ही ढवळतो… बाटलीचं माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“साहेबांच्या आलं. कमिटीला अफू नाही म्हणून लिहून दिलं होतं. ‘हलवून द्यावे’ वाचून कमिटीतल्या एखाद्यानं विचारलं असतं, तळाशी असं बसतं तरी काय? म्हणून ओळ काढली, तिथं फोटो आला. मग हाताशी असलेल्या लेबलाच्या तुकड्यात गोळी बांधली आणि मोसंबी घेऊन आले तेव्हा परसात हात धुताना ती फुलाबाईच्या पेटीत टाकली. फोटो रोज बघितला. कागदाची पाठ बघायची राहिली.”

सरंजामे खुर्चीत बसले. “सोमवारपर्यंत थांबायचं होतं. नाव लागलं की मी सगळा माल परत बोलावणारच होतो.”

“एक दिवस,” मी म्हणाले, “म्हणजे एक चमचा.”

सोमवारी कंपनीचं नाव लागलं नाही. यांची नोकरी गेली. फुलाबाई सुटून आली आणि आधी पाळण्याशी गेली. तिनं श्रीपादचा तळपाय खाजवला, तो रडला, तेव्हा ती हसली.

“फुलाबाई, मी ऐकायला हवं होतं गं.”

“तुमी लय शिकलेल्या. म्या म्हटलं, आपलंच चुकत आसंल.”

माल परत बोलावला आहे. पण पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरी गावांच्या बाजारात गेलेल्या बाटल्या कुणाच्या फळीवर आहेत, हे कुणालाच ठाऊक नाही. तिथं वर्तमानपत्र जात नाही. म्हणून एक विनंती. तुमच्या शेजारी, नाहीतर तुमच्या मोलकरणीच्या घरी, एखादं मूल फारच गुणी असेल, रडत नसेल, तर आज तिथं जाऊन या. फळीवर साहेबाच्या फोटोची बाटली आहे का बघा. आणि बाळाच्या तळपायाला बोट लावून पाहा. ते रडलं तर आई रागावेल. रागावू द्या.