साडेसहाशे डॉलर, एक सेंट कमी नाही

बस चुकली म्हणून ग्रासिएला त्या बारच्या खिडकीपाशी थांबली. शिकागोतला मार्च... धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, अंगावर नुसता गार चिखल. आतून काचेवर एक कागद चिकटवला होता : ‘जुनं पिनबॉलचं यंत्र विकायचं आहे. बिघडलेलं आहे. द्याल ते.’

द्याल ते! तिला राहवेना. दार ढकलून ती आत गेली.

भर दुपारी बार रिकामा होता. बाह्या सरसावून एक उंच तरुण ग्लास पुसत होता.

“तो कागद तुम्ही लिहिलात?”

“हो. घेणार का?”

“आधी फाडा तो.”

तो हसला. “ओळख ना पाळख! काय पिणार ते तरी सांगा, मग भांडू.”

“‘द्याल ते’ लिहिलं की लोक वीस डॉलर टेकवून यंत्र उचलून नेतात. मी पिनबॉल दुरुस्त करते, त्यांची किंमतही काढून देते.”

“आणि किंमत कमी सांगून स्वतःच घरी नेता?”

ग्रासिएलाची हनुवटी वर झाली. “ज्याची किंमत मी सांगते, ते मी विकत घेत नाही. आठ वर्षांत एकदाही नाही. म्हणून तर या शहरात माझ्या शब्दावर पैसे मोजतात.”

“असा शब्द देणारीचं नाव?”

“ग्रासिएला ओरोपेसा.”

“मी अल्गिस. बार वडिलांचा होता, आता माझा. चार वाजता एक संग्राहक येतोय हे बघायला.”

“म्हणजे तास आहे आपल्याकडे. टॉर्च आणा.”

यंत्र कोपऱ्यात होतं. त्याच्यावर गिऱ्हाइकांचे विसरलेले दोन-तीन कोट पडले होते. ग्रासिएलाने ते बाजूला केले. मागच्या काचेवर झुल्यावरची सर्कसवाली मुलगी होती, पण तिच्या पावलांचा रंग पोपडे होऊन सुटला होता. अल्गिसने बोट पुढे केलं.

“हात नका लावू! हा रंग गेला की परत येत नाही. दीडशे कमी.” तिने टॉर्च खेळाच्या फळीवर धरला. “इथे बघा, खेळातल्या पोलादी गोळीने रंग खाऊन लाकूड उघडं पाडलंय. शंभर कमी.”

“तुम्ही नुसतं वजाच करता का हो?”

“आधी पूर्ण किंमत धरायची. दुरुस्त होऊन चालू लागलं की याचे बाराशे येतील. मग जे बिघडलंय, जे करावं लागेल, ते एकेक करून वजा करायचं. गोळी उडवायची स्प्रिंग तुटलीय, एक कॉइल जळलीय, वर माझ्यासारखीची दिवसभराची मजुरी... तीनशे कमी. शेवटी उरतं ते खरं मोल. विकणारा फसत नाही, घेणाराही नाही.”

“माझं असं मोल काढलं तर काहीच उरायचं नाही.”

“बघितल्याशिवाय कसं सांगू?” ती बोलून गेली... आणि उगाचच टॉर्च बंद करून चालू केला.

“राहिल्या वायरी,” ती घाईने म्हणाली. “त्यांचे मी दोनशे धरते. इतक्या जुन्या यंत्रात कुणीतरी कुठेतरी जोडाजोड केलेली असतेच.”

दोघांनी मिळून फळी उचलून उभी केली. खाली शेकडो रंगीत वायरी एकत्र बांधून नेल्या होत्या. मेणाचा दोरा, बोटभर अंतरावर एकेक गाठ, आणि प्रत्येक गाठीचं टोक डावीकडे खोचलेलं.

ग्रासिएलाने टॉर्च अगदी जवळ नेला.

“काय झालं?” अल्गिसने विचारलं. “इतकं वाईट आहे?”

“ही... माझ्या आईच्या हातची गाठ आहे.”

आई डावखुरी होती. ग्रासिएलाची वेणीही ती अशीच बांधायची, टोक डावीकडे. बावीस वर्षं ती शहराच्या उत्तरेकडच्या पिनबॉलच्या कारखान्यात होती. खिळे ठोकलेल्या पाटावर बायका वायरी मांडायच्या, बांधायच्या आणि पुढे पाठवायच्या. यंत्र पुढे दुसऱ्याच दालनात उभं राहायचं.

“अशा हजारो जुड्या बांधल्या तिने,” ग्रासिएला म्हणाली, “पण पुऱ्या झालेल्या यंत्रात बसलेली एकही तिने पाहिली नाही. आठ वर्षं मी प्रत्येक यंत्र उघडून शोधतेय. एक घरी न्यायचं, तिच्यापुढे ठेवायचं...”

“मग न्या की! किंमत कुठे सांगितलीत अजून?”

“शब्द दिलाय.”

“मी ऐकलाच नाही. मला एका कानाने कमी ऐकू येतं.” तो जवळ सरकला, आवाज खाली आणला. “भंगार आहे म्हणा. मी रस्त्यावर ठेवतो. कोण उचलून नेतं ते मी कशाला बघू?”

किती सोपं होतं! एक शब्द... आणि आठ वर्षांचा शोध संपला असता. ग्रासिएलाने त्या गाठींवरून अंगठा फिरवला. यंत्र बनल्यापासूनच्या चोवीस वर्षांत एक गाठ सुटली नव्हती, एक वायर बदलावी लागली नव्हती. तिचे डोळे भरून आले, पण मान ताठ झाली.

“आईच्या कामाला मी माझ्या तोंडाने भंगार म्हणू?” तिने हात पुसले. “वायरींचे दोनशे कापायचे नाहीत. साडेसहाशे डॉलर. एक सेंट कमी नाही.”

संग्राहक बरोबर चारला आला. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, बोलण्यात मुरलेले. “बिघडलेल्या यंत्राचे साडेसहाशे? पाचशे देतो.”

ग्रासिएलाने उभ्या फळीखालच्या वायरींकडे बोट केलं आणि टॉर्च त्यांच्या हाती दिला. ते वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले. उठले ते पाकीट काढतच. “असं काम आता कुणी करत नाही, बाई. साडेसहाशे. शनिवारी ट्रक पाठवतो.”

पदक मिळाल्यासारखी ती उभी होती. फक्त कोटाची बटणं मात्र तिने सगळी चुकीच्या भोकांत घातली.

अल्गिसने ते पाहिलं. हसला नाही.

“शनिवारपर्यंत ते इथेच आहे,” तो म्हणाला. “उद्या आईला घेऊन ये.”

तिने चमकून वर पाहिलं... ये? त्यालाही ते उशिरा कळलं. कान लाल झाले त्याचे, एक कमी ऐकणारा आणि एक बरा.

दुसऱ्या दिवशी ग्रासिएलाची आई, कोन्सुएलोबाई, रविवारच्या चर्चचा कोट घालून आल्या. उचललेल्या फळीखाली त्यांनी चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा काढून नुसती बोटं फिरवली.

“माझंच. त्या आठवड्यात दोरा बारीक आला होता, म्हणून दोनदा गुंडाळलाय.” त्या मागे सरल्या. “लावा बघू.”

अल्गिसने फळी खाली ठेवून बटण दाबलं. झुल्यावरची मुलगी उजळली, मग फळीवरचे दिवे, एकामागून एक.

“सगळे लागले?”

“सगळे, आई.”

“लागणारच,” कोन्सुएलोबाई म्हणाल्या.

मग त्यांना खेळायचं होतं. पण स्प्रिंग तुटलेली, गोळी उडणार कशी? अल्गिसने वरची काच सरकवून काढली, गोळी चिमटीत धरली आणि अलगद वरून सोडली. टण्... टण्... आकडे फिरले. बाईंनी बटण दाबून फ्लिपर, गोळी परतवायची दांडी, मारला, पण चुकला. त्याने पुन्हा गोळी उचलून वर नेली. पुन्हा... आणि पुन्हा. वीस वेळा, तीस वेळा, न कंटाळता. जणू तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी देवाने त्यालाच बसवलं होतं.

ग्रासिएला त्याच्या हाताकडे पाहत राहिली. मग तिनेही बाही वर केली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. पुढची गोळी उचलायला दोघांचे हात एकदमच गेले.

“शनिवारी हे गेलं,” ती हळूच म्हणाली, “की मला इथे यायला काही कारण उरत नाही.”

“कारण लागतं?”

“मला लागतं. मी उगाच कुठे जात नाही.”

“मग... माझ्यासाठी ये. काल तू साडेसहाशे म्हणालीस ना, तेव्हाच मी... म्हणजे, एवढी किंमत मोजून खरं बोलणारं माणूस मी पाहिलंच नव्हतं.”

ग्रासिएलाने गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. हात मात्र मागे घेतला नाही.

“रविवारी येईन,” ती म्हणाली. “फक्त तुझ्यासाठी.”

“बोला, बोला, आयुष्यभर बोला,” फ्लिपरची बटणं घट्ट धरून कोन्सुएलोबाई म्हणाल्या. “पण आधी गोळी सोडा!”