पारुबाईची बैठक

हिंगोलीत तेव्हा चित्रकलेचं एक छोटं कॉलेज होतं, बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. चैत्र लागला होता, दुपारचं भारनियमन सुरू होतं, आणि मधुवंती आपली विसरलेली रंगांची पेटी आणायला म्हणून लाकडी जिना चढत होती. पेटी उचलायची आणि औंढ्याची गाडी धरायची, एवढंच तिच्या मनात होतं. निदान जिना चढताना तरी तेवढंच होतं.

हॉलमध्ये कोणी नव्हतं. पंखे थांबलेले, टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास कोंडलेला. वर पत्र्यावर पारवे चालत होते आणि त्यांच्या नखांची खरखर खाली उतरत होती. पेटी खिडकीशीच होती. पण वाटेत शितलचं चित्र होतं, आणि मधुवंती त्याच्यासमोर थांबली.

मधुवंती औंढ्याच्या बंडोपंतांची मुलगी. वडील देवळाच्या सेवेत, त्यामुळं दगडातल्या मूर्ती बघत बघतच ती मोठी झालेली. कलेच्या इतिहासात वर्गात पहिली, अक्षरलेखनात पहिली, पोस्टरमध्येही पहिली. मग कळमनुरीकडच्या एका बंजारा तांड्यावरून शितल राठोड आली. इतिहासाच्या पेपरात ती कशीबशी काठावर पास व्हायची, रंगांची नावं चुकायची. पण तिनं पेन्सिल धरली की कागदावर माणूस येऊन बसायचं. मधुवंतीचा जीव जळायचा. शितलची गाडी चुकावी, तिला ताप यावा, असं तिच्या मनात येऊन जायचं, आणि मग ती स्वतःच गुपचूप देवाला हात जोडायची.

व्यक्तिचित्राच्या तासाला मॉडेल म्हणून बसायला शितलची आई, पारुबाई, येऊ लागली. एरवी ती कुरुंद्याला हळद शिजवायच्या कामावर जायची. अंगाला त्या उकडलेल्या हळदीचा मातकट वास. अंगावर तांड्याचा जुना पेहराव, दंडापर्यंत बांगड्या, बारीक आरसे जडवलेली ओढणी. सरांनी सांगितलं होतं, विचारल्याशिवाय हलायचं नाही. ते तिनं इतकं मनावर घेतलं की नाकावर माशी बसली तरी ओठ न हलवता विचारायची, "ताई... हालू का?" कोणीतरी "हला" म्हटल्यावरच हात उचलायची. चहा दिला की साखर कमी टाका म्हणायची, आणि पिऊन झाल्यावर कप विसळून दाराबाहेर वेगळा पालथा घालायची.

एकदा डिग्रसकर सर दोघींच्या चित्रांमधे येऊन उभे राहिले. शितलच्या चित्राकडं बराच वेळ पाहत राहिले. मग मधुवंतीला म्हणाले, "तुझं मोजमाप अगदी बराबर आहे. पण यात पारुबाई कुठंय?"



पुढं पारुबाई काविळीनं गेली. शितल आईचे दिवस करायला तांड्यावर थांबली आणि चित्र तसंच राहिलं. चेहरा झाला होता, हात झाले होते. ओढणीवरचे आरसे तेवढे कोरे, नुसते करडे ठिपके. सर म्हणाले, अपुरं असलं तरी राज्याच्या प्रदर्शनाला हेच पाठवायचं.

तेच चित्र आता मधुवंतीसमोर होतं. तिनं पेटी उघडली. पॅलेटवर काळा रंग पिळला. फार काही करायचं नव्हतं. ते आरसे काळे केले की ओढणी विटली असती, ओढणी विटली की चेहरा विटला असता, आणि कुणाला वाटलं असतं की शितलनंच घाईत काहीतरी फासलं. तिनं स्टूल ओढलं आणि पहिल्या आरशावर कुंचला टेकवला.

काळा रंग बसेना. पाण्यावर तेल पडावं तसा तो कडेला सरकला आणि मधे उजेड दिसू लागला. मधुवंती पुढं वाकली. नखाएवढ्या त्या गोलात एक खिडकी होती, ओळीनं लावलेले, चित्रं टेकवायचे लाकडी घोडे होते, आणि स्टुलावर पिवळ्या ड्रेसमधली एक मुलगी बसलेली होती.

शितलनं काढलं असेल, असं तिला आधी वाटलं. मग आठवलं, अंगावरचा हा पिवळा ड्रेस परवाच पाडव्याला शिवलेला. शितलनं तो पाहिलाच नव्हता.

तिनं घाईनं दुसऱ्या आरशावर रंग फासला. त्यात मुलीचा हात वर उचललेला होता. तिसऱ्यात ती पुढं वाकलेली होती. चौथ्यात नुसता चेहरा होता, गोल भरून, अगदी जवळ... जसा समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला दिसावा तसा.

पारव्यांची खरखर थांबली होती. टर्पेंटाइनच्या वासातून हळूहळू दुसरा एक वास वर येत होता, मातकट, उकडलेल्या हळदीचा. मॉडेलच्या चौथऱ्यावरची खुर्ची रिकामी होती. मधुवंतीनं तिच्याकडं पाहिलं, आणि खुर्चीचा वेत करकरला.

"ताई..." आवाज अगदी हळू होता, ओठ न हलवता बोलल्यासारखा. "हालू का?"

 पारुबाई हलली तर काय होईल, उठली तर, इकडं आली तर... मधुवंतीच्या तोंडून शब्द निघून गेले.

"नको... बसा. बसून राहा."

पेटी तिथंच टाकून ती जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली तेव्हा सगळी मुलं त्या चित्राभोवती जमली होती. काळ्या रंगाचा कुठं ठिपकाही नव्हता. सगळे आरसे भरले होते, आणि प्रत्येकात हॉल होता, खिडकी होती, पिवळ्या ड्रेसमधली मुलगी होती. सर चष्मा पुसत म्हणाले, "असं काम मी आजवर पाहिलं न्हाई. कुणी केलं?"

शितल त्याच सकाळी तांड्यावरून आली होती. डोळे सुजलेले. "म्या न्हाई काढलं, सर," ती म्हणाली.

"मी काढलं," मधुवंती म्हणाली. "अपुरं बघवेना म्हणून पुरं केलं."

सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली तो हात. शितल मात्र चित्राच्या जवळ गेली, एकेक आरसा निरखत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "माज्या आईच्या आरशात तू काहून?"

 चित्राला बक्षीस मिळालं, पेपरात मधुवंतीचा फोटो आला. शितलनं वर्ष पुरं केलं आणि नंतर ती कोणाला भेटली नाही.

त्यानंतर मधुवंतीनं जे काही रंगवलं त्यात चमकणारी एखादी वस्तू असली की तिच्यात ती खुर्ची यायची. पितळी तांब्याच्या पोटावर, बरणीच्या काचेवर, बैलाच्या डोळ्यात. खुर्चीवर ओढणी घेतलेली एक बाई, ताठ बसलेली. मधुवंतीचा कुंचला तिथं लागायचाच नाही. ती जागा कोरी सोडली तरी सकाळी बाई असायची. लोक चित्रासमोर उभे राहायचे आणि सगळ्यांची नजर बरोबर त्या बोटभर जागेवर जायची. बाकी चित्र कोणी बघत नसे. नाव झालं, बोलावणी आली, आणि मधुवंतीचा जीव पूर्वीसारखाच जळत राहिला, आता एका मेलेल्या बाईवर. तरी "उठा" म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती. बाई गेली तर मागं नुसतं मोजमाप उरणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

काही वर्षांनी, एका संध्याकाळी, शितल औंढ्याला तिच्या घरी आली. वारंगा फाट्याजवळच्या आश्रमशाळेत ती आता चित्रकला शिकवत होती. ओसरीवर बंडोपंतांना नमस्कार करून ती सरळ मधुवंतीच्या खोलीत आली. घोड्यावर पितळी तांब्याचं अर्धं झालेलं चित्र होतं. शितल त्याच्यासमोर बसली.

"नांदेडच्या प्रदर्शनात तुजं चित्र पाह्यलं," ती म्हणाली. "माज्या याडीला, माज्या आईला, मी वळखत न्हाई व्हय? आगुदर ताठ बसायची. आता पाठ वाकली बघ तिची. किती थकून राहिली. कुणी बसवून ठेवलं तिला?"

मधुवंतीनं सांगितलं. काळा रंग, आरसे, तो आवाज, सगळं. शितल रागावली नाही.

"मी घरी आई काढाया बसते," ती म्हणाली, "तर तोंडच येत न्हाई. इतके दिस वाटायचं, माजा हात गेला. ती हितं अडकली, मंग तिकडं कशी येईल... उठव तिला."

"ती गेली तर माझ्याकडं काय राहील, शितल?"

 बाहेर देवळातून आरतीची घंटा ऐकू येत होती. ती थांबली. मग मधुवंती चित्राकडं वळली.

"पारुबाई," ती म्हणाली.  "हला आता... उठा."

खोलीत बांगड्या वाजल्या. एकदाच, बऱ्याच वेळानं कोणी अंग सैल करावं तशा. तांब्यावरची बाई दिसेनाशी झाली आणि खुर्ची रिकामी उरली. मधुवंतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. घरातून निघणाऱ्या माणसाला लहानपणापासून जे म्हणायची, ते ती म्हणाली.

"या."

शितलनं झटकन मान वळवली. "'या' म्हनलीस?"

"सवयीनं गं... जाणाऱ्याला 'जा' कसं म्हणायचं?"

शितल उठली. चहाला थांबली नाही. ओसरीवरून उतरताना तिनं एकदा घराकडं पाहिलं आणि भराभर फाट्याच्या रस्त्याला लागली.

मधुवंती स्वयंपाकघरात गेली. तिची आई, सरलाबाई, चहा गाळत होत्या. बंडोपंतांचा, मधुवंतीचा, स्वतःचा, आणि आणखी एक कप.

"शितल गेली, आई."

"माहीत आहे. हा तिचा नाही."

"मग कुणाचा?"

सरलाबाई हसल्या. "तूच आत्ता मागच्या दारातून म्हणालीस ना, आणखी एक चहा करा, साखर कमी टाका म्हणून? आईला 'टाका' म्हणालीस, मला हसूच आलं."

मधुवंतीनं मागच्या दाराकडं पाहिलं. "हो," ती म्हणाली. "मीच म्हणाले."

तिनं कपाला हात लावला नाही. देवापाशी दिवा लावून ती परत आली तेव्हा मागचं दार उघडं होतं. कप विसळून, घरातल्या भांड्यांत न मिसळता, उंबऱ्याबाहेर वेगळा पालथा घातलेला होता.