बसवलेली खोली

माझा मुलगा घरातल्या कुणाला काही विचारत नाही. विचारलंच, तर उत्तराला थांबत नाही. त्याचे वडील निदान मान तरी हलवायचे. हा 'हो हो' करत जिना उतरतो, आणि खाली काय करून ठेवलंय ते मग आपण जाऊन बघायचं.

खालची अडगळीची खोली त्याने अशीच रिकामी केली. माझी लोखंडी पेटी जिन्याखाली ढकलली आणि भिंतीपासून जमिनीपर्यंत हिरवंगार कापड ताणून लावलं. एक सुरकुती नाही. स्वतःच्या सदऱ्याला एवढी इस्त्री जन्मात केली नसेल. सूनबाई टीव्हीवर घर कसं आवरावं ते सांगते. शिकली माझ्याकडून, पण ते तिथं सांगत नाही. वरच्या बैठकीत गाड्यांचा आवाज येतो, म्हणून चित्रण खाली करायचं आणि मागे बैठकीचं चित्र बसवायचं असं ठरलं. म्हणजे त्याने ठरवलं.

"हिरवं दिसेल तेवढं यंत्र गाळून टाकतं, आई. तिथं हवं ते चित्र बसतं."

"हिरवंच का?"

"माणसाच्या अंगात हिरवं नसतं म्हणून."

मी हात उपडा करून त्याच्यापुढे धरला. शिरा बघ म्हटलं. तो हसला. बघितलं मात्र नाही.

भर दुपारी बैठकीचा फोटो काढताना मला दाराबाहेर उभं केलं. खोली रिकामी पाहिजे म्हणे. ज्या घरात हाडं झिजवली त्याचं चित्र, आणि त्यात मीच नको! वर माझी आरामखुर्ची मधोमध. खाली सूनबाई हिरवं कापड गुंडाळलेल्या खोक्यावर बसायची आणि बाजूच्या छोट्या पडद्यावर दिसायची माझ्या खुर्चीत, तंगडीवर तंगडी टाकून. मला राग आला. पण छान दिसत होती, ते खोटं कशाला सांगू.

पहिल्यांदा लक्षात आली ती खुर्चीची गादी. खाली चित्रण चालू होतं, वर मी एकटी होते. गादी दबलेली दिसली. हात लावला तर ऊबदार. मांजर बसून गेलं असेल म्हटलं. आमच्याकडे मांजर नाही.

मग एकदा सूनबाई काम उरकून वर आली ती खांदे चोळतच. "आई, खिडकी कशाला उघडलीत? गार वारा लागत होता नुसता."

मी खिडकी उघडली होती, हे खरं. पण वरची. खालच्या खोलीला खिडकीच नाही.

मी असल्या गोष्टींवर पटकन विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. शेजारणीच्या माळ्यावरचं भूत मीच झाडूने हाकललं होतं, घूस निघाली. म्हणून पुढच्या चित्रणाच्या वेळी मी सरळ माझ्या खुर्चीत जाऊन बसले. बघू म्हटलं कोण उठवतंय.

कुणी उठवलं नाही. थोड्या वेळाने मांडीवर भार आला. हळूच, माणूस टेकतं तसा. खोबरेल तेलाचा वास आला, सूनबाईच्या केसांचा. मी हलले नाही. हलले असते तर ती पडली असती, असं काहीतरी मनात आलं. भार गेला तेव्हा पाय बधिर झाले होते.

ती वर आली आणि म्हणाली, "आज खोकं जरा उंच वाटत होतं. मऊही." मग माझ्याकडे बघत राहिली. मीही बघितलं. मी तिला चहा करून दिला, ते तिला जास्त विचित्र वाटलं असावं.

मुलाला मात्र सांगितलं. "अरे, तू जिथं बसवतोस तिथं ती खरंच बसते."

"हो हो," म्हणाला. "हेच तर कौशल्य आहे."

त्यानंतर त्याला बैठकीचा कंटाळा आला. एका संध्याकाळी यंत्राशी खुडबुड करत म्हणाला, "आज हिला गच्चीवर बसवतो. उंच इमारत, कठडा, मागे सगळं शहर."

जी बाई स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत नाही, तिला हा कठड्यावर बसवणार!

"तिला विचारलंस?"

"चित्रच तर आहे, आई."

"खबरदार बसवलंस तर," मी म्हटलं. तो जिना उतरला. सूनबाई त्याच्या मागून गेली. वळणावर तिने एकदा वर बघितलं.

मी वर खुर्चीसमोर बसले. गादी दबली नाही. बराच वेळ दबली नाही. मग गुडघ्यांची पर्वा न करता मी खाली गेले.

दार लावलेलं, पंखा बंद, हवा कोंडलेली. सूनबाई खोक्यावर बसली होती आणि तिचे केस उडत होते.

"बघ ना, काय झकास दिसतंय!" मुलगा पडद्याकडेच बघत होता.

ती हसत होती. कपाटं कशी लावावीत ते सांगत होती. दोन्ही हातांनी खोक्याची कड धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत.

पडद्यावर तिच्या पायांखाली काही नव्हतं.

ती सरकली. बोटभर.

"जुनं चित्र बसव," मी म्हटलं. "आत्ता. पडद्याकडे नको, तिच्याकडे बघ, मेल्या!"

त्याने बघितलं. मग बटण दाबलं.

पडद्यावर आमची बैठक आली. खोक्यावर कुणी नव्हतं.

वरून हाक आली, "आई, कुठं आहात?"

आम्ही वर धावलो. ती माझ्या खुर्चीत होती. केसांचा गुंता झालेला, ओठ वाऱ्याने फुटलेले. "चहा टाकू का?" म्हणाली. मुलगा तिच्या पायांशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"गरम आहे गं हात," तो मला म्हणाला. "ठीक आहे ती. थांब, खालचं बंद करून येतो."

बाहेर अंधार पडला होता. दिवा कुणी लावला नव्हता. तरी तिच्या गालावर, खिडकीच्या बाजूने, भर दुपारचं ऊन पडलं होतं.

मी हात तिच्या गालाशी नेला. माझ्या हातावर ऊन आलं नाही.

मी मुलाचं मनगट धरलं.

"यंत्राला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "न विचारता बसवलीस ना? आता ती 'उठते' म्हणेल तेव्हाच उठेल. तोवर तू खाली बसून राखण करायची. आणि वीज गेली, तर मला तोंड दाखवू नकोस."